ओट्याची उंची, खिशाची खोली

२०२४च्या श्रावणातला एक रविवार. सकाळीच भाची आणि जावई आले. पोहे पुढे ठेवले, वर खोबरे-कोथिंबीर घातली, लिंबाची फोड ठेवली, तरी दोघांचे लक्ष पोह्यांत नव्हते. चहा येईपर्यंत जावयांनी पिशवीतून एक गुळगुळीत फाइल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. बाणेरच्या नव्या फ्लॅटचा ताबा त्यांना नुकताच मिळाला होता आणि आता स्वयंपाकघर करायचे होते. ‘‘मावशी, तू बँकेत होतीस ना, जरा नजर टाक,’’ भाची म्हणाली. बँकेत होते म्हणून मला स्वयंपाकघरातले कळते, असे आमच्या नातलगांत प्रथमच कोणी तरी म्हटले. एरवी उलटच बोलले जाते.

फाइलची चौदा पाने होती. त्यातली पहिली नऊ रंगीत चित्रांची. चित्रातले स्वयंपाकघर वाइन रंगाचे, आरशासारखे चकचकीत. ओट्यावर काचेच्या भांड्यात तीन हिरवी सफरचंदे. बाकी खाण्यासारखे त्या स्वयंपाकघरात काही दिसत नव्हते. मिसळणाचा डबा नाही, कुकर नाही, तेलाची बुधली नाही, आणि माणूस तर नाहीच.

सदतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली शेवटची दहा-बारा कर्जविभागात. पिठाच्या गिरणीपासून बेकरीच्या भट्टीपर्यंत नाना गोष्टींची कोटेशने डोळ्यांखालून गेली. तेव्हापासून एक सवय लागली आहे, कोटेशन मागून पुढे वाचायचे. शेवटच्या पानावर आकडा होता ५,८७,०००. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत, कर वेगळा. म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ६,९२,६६०. जावई म्हणाले, ‘‘पण दसऱ्याच्या आत ऑर्डर दिली तर चिमणी फुकट आहे.’’ मी म्हटले, ‘‘जावईबापू, सात हजार कमी सात लाखांत फुकट काय असते?’’

या दोघांची परिस्थिती सांगायला हवी, कारण प्रश्न हौसेचा नव्हता. दोघेही नोकरी करतात. घराच्या कर्जाचा हप्ता सुरू झालेला. स्वयंपाकघर नाही म्हणून नव्या घरात राहायला जाता येत नाही, म्हणून जुन्या जागेचे २८ हजार भाडेही चालूच. शिल्लक होती ती मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सोसायटीच्या आगाऊ देखभालखर्चात गेली. सात लाख आणायचे तर कर्जावर कर्ज. आणि कंपनी सांगत होती, नकाशा पक्का झाल्यापासून ४५ दिवस.

मी पाने उलटली. खालच्या कपाटांचा हिशेब रनिंग फुटावर होता, म्हणजे भिंतीच्या लांबीवर. एक भिंत ११ फूट, दुसरी ८ फूट. एकूण १९ फूट, दर १४,५०० रुपये. भाचीला कागदावर इंग्रजी ‘एल’ काढायला सांगितला. ओट्याची खोली दोन फूट. अकरा फूट मोजून कोपऱ्यात पोचलो, की कोपऱ्याचा तो दोन फुटांचा चौकोन पहिल्या भिंतीत येऊन गेला. दुसऱ्या भिंतीचे उरले सहा. अकरा आणि सहा सतरा. कोपरा दोनदा मोजला गेला होता. २९ हजार रुपयांना. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, पुष्कळांची मोजण्याची पद्धतच ती आहे. मात्र पद्धत कोणाच्या फायद्याची, एवढे विचारायला हरकत नसावी.

पण आकड्यांत काटछाट सुचवणे सोपे. ‘कोपरा वगळा, एवढे कमी करा, तेवढे कमी करा,’ असे सांगून मी त्यांना वाटेला लावू शकले असते. तसे करवले नाही. कारण स्वयंपाकघराच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलीच फसलेली आहे, आणि ती फसवणूक कोणा दुकानदाराने केलेली नव्हती.

आमचा फ्लॅट १९८८ सालचा. तेव्हाच्या रीतीप्रमाणे कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे. काळाकुट्ट, ओबडधोबड, पण दगडच तो. त्याला ना वाळवी ना पाणी. ओट्याची उंची ३० इंच. सासूबाई चार फूट दहा इंच. पहाटे उठून त्या ओट्याशी उभ्या राहायच्या आणि मी साडेनऊला बँकेत निघेपर्यंत माझा डबा भरलेला असायचा. माझ्या नोकरीचा पाया त्या ओट्यावर होता, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

२००९ मध्ये मला हुक्की आली. शेजारीपाजारी सगळ्यांची स्वयंपाकघरे नवी झाली होती. बँकेचे स्टाफ लोन कमी व्याजाने मिळत होते. कर्ज स्वस्त मिळाले की वस्तू महाग वाटत नाही, हे इतरांना समजावून सांगणारी मी, स्वतः त्यात अलगद पडले. १,६५,००० रुपयांत तयार कपाटांचे स्वयंपाकघर ठरले. घासाघीस करून मी १२ हजार कमी करून घेतले आणि आठवडाभर ते सगळ्यांना सांगत हिंडले. तयार कपाटांची उंची ठरलेली होती. ती बसावीत म्हणून नवा ओटा ३६ इंचांवर गेला. जुना कडप्पा फोडायला मजुराला पूर्ण दिवस लागला. इतके चिवट ते काम होते, आणि तरी आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही की जे फुटत नाही ते का फोडतो आहोत.

सासूबाईंना कोणी विचारले नाही. त्या तेव्हा ७८ वर्षांच्या. ‘छान झालंय’ म्हणाल्या. पण पोळी लाटायला ओटा उंच पडू लागला. लाटताना जोर खांद्यातून यावा लागतो. ओटा कोपराला भिडला की मनगटानेच रेटावे लागते. तीन-चार दिवसांनी पाहिले, तर त्यांनी देवघरातला पाट आणून ओट्याखाली ठेवला होता आणि त्यावर उभ्या राहून त्या पोळ्या लाटत होत्या. बसायच्या पाटावर उभ्या. आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या. मग तो पाट तिथलाच झाला.

२०११च्या पावसाळ्यात एका सकाळी त्या त्या पाटावरून घसरल्या. उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण हातात पहिली ताकद आली नाही. पोळ्यांना बाई लावली. त्या दवाखान्याचा खर्च, फिजिओथेरपीचा खर्च, बाईंचा पगार, हे काही त्या १,६५,००० मध्ये धरलेले नव्हते. आणि जे पैशात मोजता येत नाही ते तर मी अजूनही कुठल्या रकान्यात लिहावे ते ठरवू शकलेले नाही. सात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत स्वयंपाकघरे भरपूर आहेत, फोडणीचे वास आहेत, सासू-सुनांचे अबोले आहेत. ओट्याची उंची एकीतही लिहिलेली नाही.

ती कपाटेही टिकली नाहीत. पार्टिकल बोर्डाची होती. लाकडाचा चुरा चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी ती. कडेची पट्टी सुटली आणि पाणी आत शिरले की ती फुगते, आणि फुगली की पुन्हा पूर्ववत होत नाही. सिंकखालची फळी चौथ्या पावसाळ्यात पुरणपोळीसारखी टम्म झाली. २०१४ मध्ये ती सगळी काढून टाकली आणि ओटा पुन्हा कडप्प्यावर, ३१ इंचांवर आणला. सासूबाई ८३ वर्षांच्या होत्या. त्यांनी ओट्यावर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘आता बरं आहे गं. पण आता काय लाटायचंय?’’

हे सगळे मी भाचीला त्या सकाळी सांगितले. म्हणून मग आम्ही कोटेशन मिटले आणि मी जावयांना विचारले, ‘‘स्वयंपाक कोण करणार?’’ दोघे एकमेकांकडे पाहू लागले. चौदा पानांत हा प्रश्न कुठेच आला नव्हता. उत्तर असे निघाले की भाजी-आमटी बहुतेक जावई करतात, पोळ्या भाची करते, आणि दोघांना जमले नाही की बाहेरून येते. भाची पाच फूट एक इंच, जावई पाच फूट अकरा. त्यांना भिंतीशी उभे करून, हात कोपरात वाकवून मापे घेतली. ओटा कोपराच्या साधारण चार इंच खाली असावा, पोळी लाटायला वा कणीक मळायला त्याहूनही खाली. तिचे आणि त्यांचे माप यांत सहा इंचांचा फरक. दोघांना एक ओटा बेताचा होणे शक्यच नाही. कंपनीने काढला होता ३५ इंच. तो कोणाच्या मापाचा होता देव जाणे.

दुसरा प्रश्न. ‘‘बिल्डरने ओटा दिलाय ना?’’ दिला होता. ग्रॅनाइटचा, ३३ इंचांवर, स्टीलचे सिंक बसवलेले, मागे टाइल लावलेली. कोटेशनमध्ये तो फोडून कृत्रिम दगडाचा नवा ओटा करण्याचे ८६ हजार लावले होते, शिवाय सिंक खिडकीकडे हलवण्याचे, नळ आणि सांडपाण्याचा पाइप वळवण्याचे वेगळे. चांगला ग्रॅनाइट चिरत नाही, तापल्या पातेल्याने डागाळत नाही. तो घराच्या किमतीत एकदा भरून झालेला आहे. तो फोडायचा, त्याचा राडारोडा उचलायला माणूस लावायचा, आणि फोडताना खालची पाइपलाइन हलली तर खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी खायची. स्वयंपाकघराचा खर्च वाचवायचा सर्वांत मोठा मार्ग मला विचाराल तर एवढाच आहे, की पाणी जिथे आहे तिथे राहू द्यावे आणि दगड जिथे आहे तिथे.

मग उंचीचे काय? इथे मला एक जुनी गोष्ट आठवली. ज्याला आपण आज मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी म्हणता येईल असे एक स्वयंपाकघर १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये आखले गेले. आखणारी स्त्री होती, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाची ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार. कामगारांसाठी कमी खर्चाची घरे बांधायची होती, म्हणून स्वयंपाकघर सुमारे सहा फूट बाय अकरा फूट; रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकखोलीसारखे आटोपशीर. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यात खिडकीपाशी कामाचे एक टेबल होते, आणि बसून काम करता यावे म्हणून स्टूल. काटकसरीसाठी जन्मलेल्या या कल्पनेची पणती आज सात लाखांना मिळते आणि तिच्यात बसायला जागा नसते.

ते टेबल आम्ही उचलले. भाचीच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोरची भिंत मोकळी होती. तिथे भिंतीला बिजागरीने लावलेली, वापरून झाली की खाली मिटणारी फळी. दोन फूट बाय तीन फूट, उंची २९ इंच. समोर स्टूल घेऊन बसून लाटा, नाही तर उभ्याने मळा. सुताराने ४,२०० घेतले. जावयांसाठी भाजी चिरायचा पाट खाली ठोकळे लावून तीन इंच उंच केला. त्याला खर्च म्हणजे दोन लाकडी पट्ट्या. असे एक टेबल २००९ मध्ये दोन हजारांत झाले असते. आमच्याही समोरच्या भिंतीला जागा होती. सुचले नाही.

यानंतर डब्यांची शिरगणती. कोटेशनमध्ये उंच सात फुटी साठवणीचे कपाट होते, बाहेर ओढायचे, ९२ हजारांचे. मी म्हटले, यात ठेवणार काय? भाचीकडे निघाले चौदा डबे, त्यातले पाच रिकामे. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरायचे. गव्हाला एरंडेल चोळून पिंपात, कडुलिंबाचा पाला घालून. लोणच्याच्या बरण्या, पापड-कुरडयांचे डबे, गुळाची ढेप. तेवढे सगळे एका लाकडी फडताळात, दोन पिंपांत आणि माळ्यावर मावत होते. आता तांदूळ किलोकिलोने येतो, मोबाइलवर बोट लावले की दहा-पंधरा मिनिटांत दाराशी. साठवण जसजशी कमी झाली तसतशी साठवणीची कपाटे मोठी होत गेली, हे कोडे मला सुटलेले नाही. ते कपाट गेले. त्याच्या जागी काही नाही. जागा रिकामी ठेवायला पैसे पडत नाहीत.

एवढ्यावर मी स्वतःला फार शहाणी समजू लागले होते. पण खरी परीक्षक अजून यायची होती. आमच्या पोळ्यांच्या काकू पाच घरी काम करतात. पाचही घरांतली स्वयंपाकघरे नवी आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकात काकू रोज तास-दीड तास उभ्या असतात. एवढा अनुभव कुठल्या डिझायनरकडे असेल? एका दुपारी रिक्षाने त्यांना बाणेरला नेले. त्या वेळेचे पैसे त्यांना दिले. त्यांनी नको म्हटले, मी ऐकले नाही. फाइलमधली चित्रे त्यांच्यापुढे धरली.

‘‘ताई, ही कोपऱ्यातली फिरती चकती एका घरी आहे. दोन महिने फिरली. मग आतल्या बाजूला झाकण पडलं, तेव्हापासून अडकली ती अडकलीच.’’ कोपऱ्यातली चकती, २४ हजार, खोडली. ‘‘हे वरचं दार वर उघडतं ना, ते उघडल्यावर माझा हात पोचत नाही. मग ते उघडंच राहतं आणि वळलं की डोक्याला लागतं.’’ वर उचलायची दारे खोडली, साधी बाजूला उघडणारी आली. ‘‘गॅसशेजारी बाटल्यांचा कप्पा नको. तेल उडून चिकट होतो, घासायला मलाच लागतो.’’ तोही गेला. ‘‘आणि सिंक तेवढं खोल बघा. मोठा कुकर आडवा राहिला पाहिजे, नाही तर सगळं पाणी माझ्या पोटावर.’’ बिल्डरचे सिंक त्यांनी हात घालून तपासले आणि पास केले. सोळा अँपिअरचा पॉइंट मिक्सरच्या जागेपासून चार हात लांब आहे हेही त्यांच्याच लक्षात आले. वायरमनने एका दिवसात दोन पॉइंट वाढवले. टाइल लावण्याआधी हे ठरले असते तर आणखी स्वस्तात झाले असते, पण ते बिल्डरच्या हातात होते.

आता कुठे पैसे वाचवू नयेत ते. कंपनीच्या कागदात सगळीकडे एकच प्लायवूड होते, ‘मरीन’. म्हणजे आयएस ७१० या मानकाचे, पाण्याला टिकणारे, महाग. सिंकखाली आणि त्याच्या आजूबाजूला ते हवेच. पण डोक्यावरच्या कपाटात, जिथे डाळीचे डबे आणि वर्षातून दोनदा निघणारी काचेची भांडी राहणार, तिथे आयएस ३०३ मधले ओलाव्याला पुरेल असे प्लाय चालते. जो शिक्का बघायचा तो प्लायच्या अखंड तक्त्यावर असतो. एकदा त्यावर सनमायका चढला की खाली काय आहे ते लाकूड आणि सुतार यांनाच ठाऊक. म्हणून तक्ते कापण्याआधी कारखान्यात जाऊन पाहावेत. अर्धा दिवस जातो, जाऊ द्यावा.

ट्रॉल्यांचेही तसेच. स्टील ‘३०४’ घ्यावे, त्यात निकेल सुमारे आठ टक्के असते आणि ओल्या भांड्यांना ते टिकते. स्वस्तातले ‘२०२’ दिसायला तसेच, पण मीठ-पाण्यापुढे लवकर मान टाकते. दुकानदार लोहचुंबक काढून दाखवतो, ‘‘बघा, चिकटत नाही, अस्सल आहे!’’ चुंबकाला दोन्ही सारखेच, २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. तेव्हा चुंबकाला हसून नमस्कार करावा आणि बिलावर ३०४ असे लिहून घ्यावे. ज्यावर ट्रॉली सरकते त्या चॅनेलवरही हात आखडता घेऊ नये. दहा किलो कणकेचा डबा रोज चार वेळा बाहेर येतो तो त्यावरूनच. याउलट चकचकीत शटर, उंची मुठी, आतले दिवे ही फक्त दिसणारी मंडळी. खर्चात सर्वांत पुढे, कामात सर्वांत मागे. शिवाय चकचकीत शटरवर फोडणीचा प्रत्येक थेंब आणि प्रत्येक बोट उमटते. साध्या खरखरीत सनमायक्यावर ते लपते.

पैसे कसे द्यायचे यावरही थोडे बोलते, तो माझा जुना धंदा. कंपनीचा माणूस म्हणाला होता, ‘‘मॅडम, नो कॉस्ट ईएमआय आहे.’’ शून्य टक्के व्याज असे काही असतच नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोख देणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती हप्तेवाल्याला मिळत नाही; ते व्याजच. दुसरा पर्याय त्याने सांगितला तो ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’. तीन लाख, तीन वर्षे, महिना १०,८३३. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळच्या तीन लाखांवरच. घटत्या शिलकीने मोजले तर हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. गृहकर्ज घेतलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटायला हवा. आणखी एक. ऑर्डर देताना निम्मे, माल निघताना बाकीचे, असे देऊन टाकले की काम बिघडल्यावर तुमच्या हातात फक्त फोन नंबर राहतो. आम्ही कर्ज टप्प्याटप्प्याने द्यायचो, भिंत उभी राहिली की पुढचा हप्ता. त्याच न्यायाने दहा टक्के रक्कम महिनाभर वापरून झाल्यावर द्यायची, असे आधीच लिहून घेतले. आमच्या ट्रॉलीवाल्याने कुरकुर केली, मग मान्य केले. शेवटी दोन ट्रॉल्या घासत होत्या, त्या तो स्वतः येऊन नीट करून गेला. दहा टक्क्यांसाठी आला की चांगुलपणाने, मी विचारले नाही.

एका बाबतीत माझे आणि भाचीचे जमले नाही. माझे म्हणणे होते, आधी राहायला जा. महिना-दोन महिने बिल्डरच्या ओट्यावर, खाली दोन मांडण्या ठेवून स्वयंपाक करा. कुठे हात जातो, कुठे अडते ते कळेल, आणि २८ हजारांचे भाडे त्याच दिवशी थांबेल. ती म्हणाली, ‘‘मावशी, मग घरात सुतारकाम, धूळ, आणि मी घरून काम करते, मीटिंगमध्ये करवत ऐकू येणार.’’ तिचेही खरे होते. शेवटी मधला मार्ग निघाला. वरची कपाटे आणि वायरिंग आधी उरकून घेतले, लगेच ते राहायला गेले, आणि खालच्या ट्रॉल्या दीड महिन्याने केल्या. त्या कारखान्यातून मापाप्रमाणे होऊन आल्या, दोन दिवसांत बसल्या. त्या दीड महिन्यात ट्रॉल्यांचा नकाशा तीनदा बदलला. कागदावर बदलला, म्हणून फुकटात. सोळा ट्रॉल्या ठरल्या होत्या, अकरा झाल्या.

हिशेब वहीत आहे. ट्रॉल्या, एका भिंतीवरची कपाटे, माळ्याची दारे, चिमणी, वायरमन, मिटणारे टेबल, काकूंचे पैसे आणि रिक्षाभाडे धरून १,९४,३००, करासह. कर्ज काढावे लागले नाही. दिवाळीचा बोनस आणि माझ्याकडून उसने तीस हजार, बिनव्याजी, खऱ्या अर्थाने.

यात खालच्या ट्रॉल्यांची शटरे धरलेली नाहीत. भाचीला तो वाइन रंगच हवा आहे, जावयांना पांढरा. तीन महिने हा वाद चालला होता तोवर ट्रॉल्या तशाच उघड्या होत्या. आता काकू त्यांच्याकडेही पोळ्यांना जातात. त्या म्हणाल्या, ‘‘राहू द्या की अशाच. काय कुठे आहे ते दिसतं तरी.’’ अजून त्या तशाच आहेत.